गच्चीची चावी

आत्याबाई, आज मी ग्रामपंचायतीच्या गच्चीवर कुरडया घातल्या. तुम्ही असत्या तर आधी म्हणाल्या असत्या, सूनबाई, थापा मारू नको.

आपलं घर पत्र्याचं, अंगण हातभर. तुम्ही गल्लीत बाज टाकायच्या, तिच्यावर धुतलेलं लुगडं पसरून कुरडया घालायच्या आणि दिवसभर काठी घेऊन राखण करायच्या. टेम्पो गेला की धुरळा, दावं सुटलं की शेळी, आणि कावळे तर तुम्हाला चेहऱ्यानं ओळखायचे. मी नवी होते. एकदा म्हटलं, विकायच्या तर जास्ती घालू की. तुम्ही सोऱ्या खाली ठेवला. "ऊन देवाचं हाय, फुकट हाय. जागा कोन देतंय, तुझा बाप?" तेव्हा मला बोल लागला होता. यंदा तोच कामाला आला.

परतूरच्या एका किराणावाल्यानं आम्हा गल्लीतल्या बायांकडं कुरडया मागितल्या. अट एकच, दाताखाली कचकच नको. मी देवापुढं दिवा लावला, हो म्हटलं, आणि सगळ्याजणींनी गहू भिजत घातले. जागा कुठली, हा विचार मागून आला. पैशापैशाचा हिशेब ठेवणारी मी, आणि हे असं. भिजलेले गहू कुणासाठी थांबतात? जागा न्हाई मिळाली तर सगळे म्हशीपुढं.

दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा होती. आता सरपंच बाई आहेत. त्यांनी विचारलं, "बायांच्या धंद्याला पंचायतीनं काय करावं?" कुणी कर्ज म्हणालं, कुणी मशीन. मी उठले. म्हटलं, "गच्चीची चावी द्या. उन्हाळ्यापुरती."

सभा हसली. ग्रामसेवक म्हणाले, "मावशी, अशी योजना न्हाई कुठं."

"योजना ऱ्हाऊ द्या, चावी द्या. जिना हाय, नळ हाय. तुम्हाला खर्च काय?"

मागून एक म्हातारबा बोलले, "मंग उन्हाचं बी भाडं लावा."

"ऊन देवाचं हाय बाबा, अन् गच्ची गावाची. तुमचं काय जाऊन राह्यलं?"

आता सगळे त्यांना हसले, तेही हसले. सरपंचबाईंनी विचारलं, "कधीपासून पायजे?"

मी पदर सावरत म्हटलं, "परवा पहाटे. गहू भिजलेत."

"आधी गहू भिजवले अन् मंग सभेला आलात?" त्यांनी कपाळाला हात लावला आणि ठराव लिहायला सांगितला. गच्ची झाडून द्यायची, संध्याकाळी चावी परत. बस, एवढंच.

आज उजाडायच्या आत चिकाची पातेली आम्ही जिन्यानं वर चढवली. सरपंचबाई वर आल्या, वाटीभर गरम चीक तूप घालून खाल्ला, म्हणाल्या, पापडालाही हीच जागा घ्या. खाली गल्लीत टेम्पो गेला, धुरळा उडाला, आणि आमच्यापर्यंत आलाच न्हाई. मला तर हसूच आवरेना.

हे लिहितेय सभेच्या नोटिशीच्या कोऱ्या पाठीवर. नवा कागद कशाला, धाडायचं कुठं आहे? पण एक सांगते. दुपारी कठड्यावर कावळा बसला, मान वाकडी करून माझ्याकडं बघत राहिला आणि कडेची कुरडई घेऊन उडाला. काठी हातात होती, मी उचलली न्हाई. दुसरीला आला तेव्हा मात्र हाकलला. तो कावळा तुम्ही असाल तर रागावू नका, आत्याबाई. माल गिऱ्हाइकाचा आहे.