फॅनचं तोंड कुणीकडं

११ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा बंद पडला! तिसऱ्यांदा. दोन तास चाळीस मिनिटं चालला आणि स्क्रीन काळी. वरच्या जाळीवर हात ठेवला तर चटकाच बसला.

स्वतःच्या हातानं जोडलेला कॉम्प्युटर म्हणून आठवडाभर काय मिरवलंय मी! गल्लीतल्या बायकांना बोलावून दाखवला. आता कुणी विचारलं तर काय सांगू? शोभेला ठेवलाय म्हणून?

तेवीस तारखेच्या आत पंपाच्या कास्टिंगचं सिम्युलेशन पूर्ण करून द्यायचंय. आईला सांगितलं तसंच लिहिते — तापलेलं लोखंड साच्यात ओतलं की कुठं आधी गार होईल, कुठं पोकळी धरेल, ते लोखंड न ओतताच कॉम्प्युटरवर बघायचं. सलग नऊ तासांचं काम. हा गडी तीन तास टिकत नाही.

बेळगावजवळच्या मच्छेच्या फौंड्रीतल्या माझ्या साहेब, सौम्या मॅडम, स्पष्ट बोलल्यात. घरून काम करायला त्यांची हरकत नाही, पण पारमिता, घरच्या मशीनवर निघतंय हे आधी दाखव. नाही जमलं तर एक तारखेपासून ऑफिसला हजर. म्हणजे परत बेळगावात खोली, आणि आई इथं निपाणीत एकटी. ऑगस्टात तिला धाप लागून दवाखान्यात नेलं, तर मला चार तासांनी कळलं. ते परत नको. काही झालं तरी नको.

१२ नोव्हेंबर

युवराजला फोन केला. बेळगावात त्याच्याच दुकानातून सगळे पार्ट घेतलेत. म्हणाला, उष्णता ओढून घेणारी पेस्ट नीट बसली नसेल. म्हणून प्रोसेसरवरची पेस्ट पुसून नवीन लावली, हरभऱ्याच्या डाळीएवढी. काही फरक नाही. शहाण्णव अंश!

मग विचारलं त्यानं, फॅन किती बसवलेत? म्हटलं चार. पुढं दोन, वर एक, मागं एक. तर म्हणतो, "मग तापायचं कारणच न्हाय." कारण नाही म्हणे! कारण नाही तर मी इथं काय पापड भाजतेय का त्याच्यावर?

१३ नोव्हेंबर

बाजूचं झाकण काढून ठेवलं. एक्याऐंशी अंश! चार तास चालला. जमलं वाटतं.

१४ नोव्हेंबर

कसलं जमतंय.

सकाळी टॉर्च लावून आत बघितलं. एका दिवसात सगळ्यावर तपकिरी थर. मागच्या गल्लीत तंबाखूची वखार, वारं आमच्याच घराकडं. मदरबोर्डवर बोट फिरवलं, वास घेतला — तंबाखूच! आईला दाखवलं तर ती दोन पावलं मागं सरली. पदर नाकाला लावला आणि म्हणाली, झाक ते आधी.

झाकलं. परत शहाण्णव.

नऊ दिवस राहिले.

१५ नोव्हेंबर

आज जे झालं ते नीट लिहून ठेवायलाच पाहिजे. अजून माझा विश्वास बसत नाही.

दुपारी मी कॅबिनेटसमोर फतकल मारून बसलेले, डोकं धरून. आई दाराशी उजेडाला वाकळ शिवत होती. बराच वेळ माझ्याकडं बघत होती. मग उठली, सुईतला दोरा तोडून घेतला, वीतभर, आणि माझ्या शेजारी येऊन बसली. चालू कर म्हणाली.

पुढच्या जाळीसमोर तिनं दोरा चिमटीत धरला. दोरा आत ओढला गेला, जाळीला चिकटला. वरच्या जाळीवर धरला. तिथंही आत. मग गुडघ्यावर हात टेकून मागं गेली. मागच्या फॅनसमोर धरला, तर तिथंही आतच!

आई खाली बसली. दम घेतला. म्हणाली, "चारी दारांतनं माणसं आत घेतलीस. भाईर जायला एकबी दार न्हाय. गुदमरंल न्हाय तर काय करंल त्ये?"

मी तिच्या हातातला दोरा घेऊन परत मागं धरला. आतच.

आणि यातली खरी लाज कुठंच बोलता येणार नाही, म्हणून इथं लिहिते. जोडायला शिकवणाऱ्या त्या व्हिडिओत मागचा आणि वरचा फॅन उलटा लावलेला स्पष्ट दिसत होता. मला वाटलं, त्याची चूक झाली. मी ती 'सुधारली'! गार वारा जितका आत तितकं बरं, असं माझं गणित. डिप्लोमा मेकॅनिकल, पहिला वर्ग. आणि चौथी शिकलेल्या बाईनं दोऱ्याच्या तुकड्यावर माझी चूक काढून दाखवली.

१६ नोव्हेंबर

मागचा आणि वरचा फॅन काढून फिरवून लावला. आठ स्क्रू. वीस मिनिटांचं काम.

त्र्याहत्तर.

झाकण लावून, पूर्ण लोडवर, त्र्याहत्तर! मी आकड्याकडं बघते, आकडा माझ्याकडं. मागं हात धरला तर गरम वारं सरळ रेषेत बाहेर येतंय. पुढं तळहात धरला तर आत ओढणारं गार वारं. मध्ये ते एवढंसं यंत्र शांत चाललंय. आपण दोन दारं उघडून दिली आणि वाऱ्यानं सगळं काम स्वतःच केलं. अंगावर काटा आला माझ्या. खरंच आला.

आईला हाक मारून दाखवलं. तिनं मागं तळहात धरला, मान हलवली आणि भाकरी थापायला गेली.

१७ नोव्हेंबर, रविवार

आईला विचारलं, तुला हे कळलं कसं?

तिला प्रश्नच विचित्र वाटला. वखारीत अठरा वर्षं काढली की मी, म्हणाली. मग भाजी निवडता निवडता सांगत गेली. तंबाखू चाळायची वखार म्हणजे लांबच्या लांब पडवी. पश्चिमेला खिडक्या, तिकडनं वारं यायचं. चाळीस बायका ओळीनं चाळण्या घेऊन बसायच्या. सगळ्यांचा खकाणा, तंबाखूची ती तिखट धूळ, वाऱ्याबरोबर मागं जायचा आणि मागच्या दारानं बाहेर. ज्या दिवशी मागचं दार बंद असेल त्या दिवशी सगळ्याच जणी खोकून बेजार. पुढच्या खिडक्या लावून मागचंच दार उघडलं, तर भिंतीच्या फटीफटीतनं माती आत यायची. वारं कुठनं येतंय ते कळायला पदराचा दोरा काढून धरायच्या. तेवढंच बघत बसायला असायचं म्हणाली.

मी ऐकून थक्क! मला कॉलेजात सर जे फळ्यावर बाण काढून शिकवायचे, ते ही बाई बसल्या जागी शिकली होती.

म्हटलं, आणि तू कुठं बसायचीस?

"आमच्या गल्लीच्या बायकांची जागा मागल्या दाराशी."

सहज म्हणाली. मेथीची काडी मोडावी तशी. मला मात्र कळायला थोडा वेळ लागला. चाळीस बायकांचा खकाणा ज्या दारानं बाहेर जायचा, त्या दाराशी. अठरा वर्षं. दवाखान्यात डॉक्टर विचारत होते, घरात चुलीचा धूर होता का? आणि मी हो म्हणाले होते!

मला इतका राग आला, की विचारलं, उठून पुढं खिडकीत का नाही बसलात? हातातली भाजी तिनं खाली ठेवली.

"बसायची जागा आमी ठरवत न्हवतो बाळ. मुकादम ठरवायचा."

१८ नोव्हेंबर

दिवसभर डोळ्यांपुढं ते मागलं दार. काम मात्र झालं. साच्याचं मॉडेल तयार.

२० नोव्हेंबर

आईचं फटीफटीतनं माती येण्याचं बोलणं डोक्यातनं जाईना. म्हणून आज पुढच्या दोन फॅनचा वेग वाढवला, मागचा आणि वरचा थोडा कमी केला. आत येणारं वारं जरा जास्त, जाणारं जरा कमी. मग फटीतनं हवा बाहेरच ढकलली जाते, धूळ आत शिरत नाही. पुढच्या जाळीला मी आईच्या जुन्या लुगड्याचं फडकं लावणार होते, तर तिनंच अडवलं. फडक्यानं कोंडतंय, बारीक जाळी लाव म्हणाली. चहाच्या गाळणीसारखी बारीक जाळी बाजारातनं आणून लावली.

एकाहत्तर अंश. आत धूळ नाही.

युवराजला फोन करून सांगितलं. तो म्हणतो, आईंना दुकानात पाठवा, पगार देतो! आईला सांगितलं तर हसली. मग हसण्यानं खोकला आला, तो थांबेना. पाणी दिलं.

२१ नोव्हेंबर

सकाळी सात वाजता चालू केला. चार वाजून दहा मिनिटांनी संपलं. एकदाही अडखळला नाही!

आई माझ्या मागं खुर्ची ओढून बसलेली. स्क्रीनवर लोखंड साच्यात शिरलं — पिवळं, मग नारिंगी, मग लाल. कडेकडेनं निळं होत आलं. मधला एक ठिपका लाल राहिला, राहिला, आणि मग तिथंच पोकळी दिसली. जाड भागाच्या बरोबर मध्ये. खऱ्या साच्यात ही चूक कळायला कास्टिंग कापावं लागलं असतं.

आई स्क्रीनजवळ सरकली. मग म्हणाली, "भाईरचं निवलं तरी आतलं निवत न्हाय व्हय गं लवकर?"

म्हटलं, नाही आई. आतलं शेवटी निवतं.

परत दाखव म्हणाली. तीन वेळा दाखवलं.

२३ नोव्हेंबर

पाठवलं. पोकळी कशी टाळायची त्याच्या नकाशासकट. आता हातात काही नाही.

२६ नोव्हेंबर

परवानगी मिळाली! घरून! मॅडम म्हणाल्या, गुरुवारी येऊन करारावर सही कर. फोन ठेवून आईला धरून स्वयंपाकघरात गोल फिरवलं. ती ओरडतेय, सोड गं, आमटी उतू जातीया!

आता मी इथंच. आमटी गेली उतू. जाऊ दे.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आईला बरोबर नेलं. बेळगावात छातीच्या डॉक्टरला दाखवायचंच होतं. आधी मच्छेला गेलो. सही झाली. मॅडमनी आईला खुर्ची दिली, चहा दिला, दोऱ्याची गोष्ट तिच्याच तोंडून ऐकली. आई लाजून अर्धी झाली.

कराराची प्रत मिळेपर्यंत आई नव्या शेडकडं गेली. तिथं वाळूचे साचे घासून गुळगुळीत करतात. मी न्यायला गेले तर दाराशी उभी होती, हात मागं बांधून. चल म्हटलं तरी हलेना.

डॉक्टरांना दाखवून परतीच्या बसमध्ये बसलो. संकेश्वर गेल्यावर आई म्हणाली, "घासणाऱ्या पाच बायका हायत बघ. मोठा फॅन वारं भाईर टाकतोय, त्येच्या बुडात बसवल्यात. समद्या शेडची वाळू त्येंच्या नाकातनं भाईर जाती."

दोन वर्षं त्या शेडमधनं ये-जा केलीय मी. त्या बायकांच्या हातचं लोणचं खाल्लंय.

"कुणी बसीवलं गं तितं त्येंस्नी?" तिनं विचारलं.

म्हटलं, बघते.

२९ नोव्हेंबर

शेडचा नकाशा जुन्या फोल्डरमध्ये सापडला. दोन वर्षांपूर्वीचा. पाच बाकं, एक्झॉस्ट फॅनखाली. तेवढीच जागा उरली होती म्हणून तिथं मांडली, ते आठवलं. खाली उजव्या कोपऱ्यात — काढणारी: पारमिता भीमाप्पा कांबळे.

आई आतून दुसऱ्यांदा विचारतेय, कळलं का गं?