जाण्याआधीचे दोन ग्लास

ता. ४ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू वेल्डिंगच्या नोकरीवर लांब गेलास आणि घर नुसतं खायला उठतं. आईबाबा दुकान बंद केल्याशिवाय येत नाहीत. पण आता तुझ्या घुमीला कॉलेजात तीन मैत्रिणी मिळाल्यात! शनिवारी क्लबात नाचायला जातो, त्याआधी माझ्या खोलीत जमतो. तिथे सगळंच महाग, म्हणून घरीच सरबतात व्होडका घालून दोन-दोन ग्लास. रागावू नकोस. पोटात गेली की माझीसुद्धा जीभ सुटते. परवा मी चक्क विनोद सांगितला. आईला कळवू नकोस.

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझी घुमी

ता. ११ जून

चि. घुमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या विनोदाला त्या हसल्या, म्हणजे फारच प्यायल्या असणार! गंमत सोड. सतराव्या वर्षी हे काय चालवलंयस? रिकाम्या पोटी घरी प्यायची, तिथे पुन्हा प्यायची. आधीची पुरती चढलेलीही नसते. इथे पिऊन पडलेल्या एकाला सगळ्यांनी ‘झोपेल, उतरेल’ म्हणत तसंच ठेवलं. तो उठलाच नाही. पिऊ नकोस, एवढंच सांगतो. पण हाका मारूनही कोणी उठली नाही, तर कुशीवर वळव आणि लगेच अॅम्ब्युलन्स बोलाव. बोलणी नंतर खाता येतात. इथे यंत्रांशिवाय बोलायला कोणी नाही, म्हणून भाषण लांबलं.

जपून राहा, लिहीत जा.
तुझा दादा

ता. २० जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

शनिवारी आम्ही निघालोच नाही. तिघींतली सगळ्यात बडबडी, दिवसभर उपाशी होती, तरी ग्लासावर ग्लास प्यायली. चपला घालता घालता खाली बसली आणि आडवी झाली. हाका मारल्या, चिमटे काढले, डोळे उघडेना. ओठ निळसर दिसायला लागले. बाकीच्या दोघी म्हणाल्या, झोपू दे, फोन केलास तर तिच्या घरी कळेल, मग ती तुझं तोंडही बघणार नाही. मी तिला कुशीवर वळवलं आणि फोन केला. दोघी गाडी यायच्या आत पसार झाल्या. मी एकटीच तिचा हात धरून बसले. दादा, मी फार घाबरले होते रे.

डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. आईबाबांनी अबोला धरलाय. कॉलेजात मी दिसले की दोघी उठून जातात. पुन्हा एकटीच डबा खाते. जमलं तर एकदा येऊन जा.

आज ती बडबडी कॉलेजात आली. सुटल्यावर फाटकाबाहेर मला बघितलं आणि रस्ता ओलांडून पलीकडून गेली. खूप लागलं मनाला. तरी ती वळणाआड होईपर्यंत मी बघत उभी राहिले. चांगली भराभर चालत होती.

लोभ असू दे.
तुझी घुमी