जावयाला नावं न ठेवल्याची शिक्षा

प्रिय बेनेदेत्ता,

थोरल्या भावाचे आशीर्वाद. तुझे गुडघे, तुझा नवरा आणि तोरिनोचं धुकं, तिन्ही जागच्या जागी असतील असं धरून चालतो. (रीत म्हणून विचारलं. उत्तर नाही आलं तरी चालेल.) आम्ही इथे वाईट आहोत. जेनोवाहून ‘मजेत आहोत’ असं पत्र आलं तर तू पुढच्या गाडीने रडत येशील.

आपल्या ओरिएत्ताने मुलगा पसंत केलाय. एर्मेस. बोलोन्याचा, म्हणजे ज्या गावाला समुद्रसुद्धा नाही तिथला. रविवारी तो जेवायला येणार म्हणून पोरीने मला दम भरला, “बाबा, एक दिवस कुरकुर करू नका. तो गोड बोलणाऱ्या माणसांतला आहे.” आता जगाने ज्या शहराला ‘गर्विष्ठ’ नाव ठेवलं आणि आपण ते पदकासारखं मिरवतो, जिथले खलाशी पगार कमी घ्यायचे पण जहाजावर कुरकुरण्याचा हक्क सोडायचे नाहीत, तिथल्या माणसाने तोंडाला कुलूप लावायचं! पण पोरीसाठी लावलं.

आपली ती चढण चढून तो धापा टाकत आला आणि म्हणाला, “काय सुंदर रस्ता!” (सुंदर?) मी हसलो. माझ्या कार्लीनाने सकाळभर तुळशीची पानं खलात कुटून केलेल्या पेस्तोवर त्याने क्रीम मागितलं. बायकोच्या हातात अजून बत्ता होता, हे त्याचं नशीब. मी म्हणालो, “छान कल्पना आहे तुमची.” निघताना त्याने मला दोनदा मिठी मारली. मी म्हणालो, “पुन्हा अवश्य या.”

दार लागलं आणि ओरिएत्ता हमसून हमसून रडायला लागली. “त्याला अहोजाहो केलंत! एकदाही नावं ठेवली नाहीत! करवसुलीच्या साहेबाशी बोलता तसं बोललात. नको असेल तर सरळ सांगा ना!” मी म्हटलं, अगं, तूच सांगितलं होतंस. “मी सांगितलं आणि तुम्ही ऐकलंत? आजवर कधी ऐकलंय?” एवढ्यात खालच्या मजल्यावरची दाप्पिनोबाई वर आली. “कोणी गेलं का हो? मघापासून नुसतं ‘वा, छान’ ऐकू येतंय.”

ज्याला बाप आपला मानत नाही त्याच्याशी लग्न करणार नाही, असं पोरगी म्हणते. तिचा जीव त्याच्यावर आहे आणि ती माझ्यापायी त्याला सोडायला निघाली आहे. मला फार वाईट वाटतं. बेनेदेत्ता, मला तो मुलगा आवडला. (वाचून झालं की हे वाक्य खोड.)

तुझा,
निकोलो

ता. क. ओरिएत्ता शनिवारी तुझ्याकडे येते आहे. हे पत्र स्वयंपाकघरात विसरल्यासारखं टाकून ठेव. दुसऱ्यांची पत्रं वाचायची खोड तिने आत्याचीच घेतली आहे. वरचं वाक्य राहू दे. अर्थात त्यावर तिचा विश्वास बसायचा नाही, म्हणून पुढचं लिहितो.

ता. क. २. त्या गाढवाला सांग, पेस्तोत क्रीम घालायचं असेल तर गॅलरीत उभं राहून खायचं. चढण एवढी सुंदर वाटते तर पुढच्या वेळी बटाट्यांचं पोतं त्यानेच वर आणावं. आणि मिठी एकदाच मारायची. घरच्या माणसाला हे दोनदा सांगावं लागू नये.