हवा खायला

प्रिय ताई,

"काम ना धंदा, रोज मेला हवा खायला जातो!" असं तू काल फोनवर म्हणालीस. खरंच हवाच खातो गं. ओटीपोटाला रेडिएशन दिलं, कॅन्सर गेला, पण शौचावर ताबा राहिला नाही. म्हणून दवाखान्यात बंद पेटीत झोपवून जास्त दाबाचा ऑक्सिजन देतात. (यातला 'सि' ऱ्हस्व, नर्सला विचारून घेतलं.) दार आतून उघडत नाही, त्याचीच धास्ती वाटते. हळूहळू फरक पडेल म्हणतात.

त्या दिवशी तुझं बाळ माझ्या मांडीवर होतं. वास सुटला तेव्हा भावजी म्हणाले, "मामाला प्रसाद मिळाला!" सगळे हसले, मीही हसलो. तू बाळाला आत नेलंस. लंगोट स्वच्छ होता, मला दारातून दिसला. तरी बाहेर येऊन म्हणालीस, "अगं बाई, केवढं केलंय यानं!" आणि मोरीत माझ्यासाठी भावजींची धुतलेली पँट ठेवलीस.

तेव्हापासून तुझ्याकडे आलो नाही. पँट धुऊन, इस्त्री करून ठेवली आहे. हे पत्र काही पाठवणार नाही, पँट घेऊन मीच येईन. बाळाला पुन्हा मांडीवर देशील का?

तुझा,
हवा खाणारा भाऊ