रोज तोच क्रम

बाई, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली. चांदवडला तुमच्या हाताखाली मी नोकरीला लागले तेव्हा नुकतं डी.एड. झालं होतं, आता नव्या शिक्षिका मलाच वाकून नमस्कार करतात. सध्या मी नाशकात, गंगापूर रोडवरच्या एका शाळेत तिसरीला शिकवते. यंदा वर्गात एक मुलगी आहे, तिच्याबद्दल तुमच्याशी बोलायचं होतं. तिला ऑटिझम आहे. मराठीत अशा मुलांना स्वमग्न म्हणतात, पण तो शब्द मला पटत नाही. ती कुठली स्वतःत मग्न? वर्गातला प्रत्येक आवाज तिला आपल्यापेक्षा जास्त ऐकू येतो. पंखा खडखडला तरी कानांवर हात जातात.

माझा वर्ग कसा असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. आज गोलात बसून गोष्ट, उद्या गाणं, परवा बाकं भिंतीला लावून नाटुकलं. मुलं खूश असायची. ही मात्र बाकाखाली जाऊन बसायची आणि स्वतःचं मनगट चावायची. पावसाळ्यात एकदा मी अशीच बाकं हलवली. ती किंचाळायला लागली. शेजारची मुलगी तिला समजवायला गेली, तर तिच्या दंडाला हिने कडकडून चावा घेतला. रक्त आलं. दुसऱ्या दिवशी त्या मुलीचे आईवडील शाळेत आले, आणि त्यांचं काही चुकलं असं मला म्हणता येत नाही.

मुख्याध्यापकांनी आम्हा सगळ्यांना बसवलं. सर म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू. नाही जमलं तर दुसरी शाळा शोधायला सांगावं लागेल." मग प्रत्येकाने आपलं मत दिलं. खेळाचे सर म्हणाले, एकदा दटावलं की बसेल. एक जण म्हणाली, नीट बसली की स्टिकर द्यायचा. त्यावर दुसरी म्हणाली, मग बाकीचे चाळीस जण विचारतील, आम्हाला का नाही? मी म्हणाले, तिला प्रेम हवंय. गणिताच्या मॅडम शेवटपर्यंत वह्या तपासत होत्या. आमच्यात सगळ्यांत कडक त्याच, मुलं त्यांना घाबरतात. उठता उठता म्हणाल्या, "माझ्या तासाला ती बसते की."

कुणाचा विश्वास बसला नाही, माझाही नाही. मी त्यांच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसले. त्या आल्या, फळ्याच्या कोपऱ्यात तारीख घातली आणि म्हणाल्या, "आधी पाढे. मग कालचं गणित. मग नवीन." आवाज चढा नाही, लाडिकही नाही. रोज हेच वाक्य असतं म्हणे. ती मुलगी ताठ बसलेली, आणि मॅडम बोलत होत्या तेव्हा तिचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते.

मला तुमचं स्वयंपाकघर आठवलं. शनिवारची सकाळची शाळा सुटली आहे, तुम्ही चुलीपुढे भाकरी थापताय आणि मी पिठल्यात कोथिंबीर घालत माझ्या नव्या नव्या कल्पना सांगतेय. तुम्ही भाकरी उलटता आणि मान वर न करता म्हणता, "पोरांना रोज नवीन हवं असं तुला वाटतं. ते तुला हवं असतं." मला राग आला होता. मी जेवले, पण तुमच्याशी बोलले नाही.

त्या आठवड्यात मुलीची आई भेटायला आली. शहराबाहेर त्यांचा फुलांचा मळा आहे, वडील अंबडला कंपनीत आहेत. मी विचारलं, घरी कशी असते? "घरी लय शहाणी हाय," ती म्हणाली. "फक्त ह्यांची पाळी बदलली की बिनसतं. रात्रपाळी लागली की आठवडाभर नीट जेवत नाय. आता मी आदल्या दिशीच सांगून ठेवते, उद्यापासून पप्पा दिवसा झोपणार हायेत."

मग मी क्रम ठरवला. भिंतीवर चित्रं लावली: पुस्तक, पाढे, डबा, चित्रकला, घर. काही बदलायचं असेल तर आदल्या दिवशी तिला सांगते. मागे एक सतरंजी टाकली आहे, फार झालं की ती तिथे जाऊन बसते, कुणी तिला ओढत नाही. "एकीसाठी सगळा वर्ग बांधून ठेवलास," एक मैत्रीण म्हणाली. गणिताच्या मॅडम म्हणाल्या, "बाकीच्यांचं काही बिघडलंय का?" बिघडलेलं नव्हतं. सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. लाऊडस्पीकर लागला की ती अजून मनगटाकडे वळते, संमेलनाच्या तालमींना आम्ही तिला घरी ठेवतो. पण दिवाळी होऊन गेली आणि सरांनी दुसऱ्या शाळेचा विषय काढला नाही. जिला चावली होती ती मुलगी आता स्वतःहून तिच्या शेजारी बसते.

ती माझ्याशी कधी आपणहून बोलायची नाही. गेल्या आठवड्यात पुस्तक मिटून मी थेट डबे काढायला सांगितले. ती उभी राहिली, भिंतीवरच्या चित्राकडे बोट केलं आणि म्हणाली, "टीचर, पाढे राहिले." सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी पाढे घेतले. स्टाफरूममध्ये सांगितलं तेव्हा गणिताच्या मॅडमही हसल्या. म्हणाल्या, बरं झालं विसरलीस ते.

बाई, हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून तुम्हाला सांगते. मी विसरले नव्हते. मला त्या दिवशी पाढ्यांचा कंटाळा आला होता.