टाकीची न दिसणारी साय

सोमवार, ३ तारीख
ज्या घरात सासूला विचारल्याशिवाय कढईला हात लागत नव्हता, त्या घरातल्या सुनेनं अख्खी स्टीलची दुधाची टाकी ॲसिडनं धुतली. पोराच्या कारखान्यात आता ही टाकी एवढंच काम उरलंय. शुक्रवारी डेअरीचा इन्स्पेक्टर येणार. त्यानं नापास केली की दाराला कुलूप. आणि टाकी दिसते राखेसारखी.

मंगळवार
सुनेला जाब विचारला. म्हणे वेल्डिंगपाशी निळे-सोनेरी पट्टे उठतात, तिथं स्टील कमजोर होतं, म्हणून ॲसिडनं ते काढले. आता हवा लागली की स्टील आपणहून वर बारीक साय धरतं. ती साय आहे तोवर गंज नाही. "फक्त हात लावू नका, आई."
चष्मा लावून पाहिलं. कसली साय? जन्म दूध तापवण्यात गेला माझा, आणि ही मला साय शिकवते.
हात लावणार नाही. शब्द म्हणजे शब्द.

बुधवार, दुपारी
सगळे जेवायला गेले. वीतभर जागाच घासून बघणार होते. वेल्डरच्या पेटीत तारेचा ब्रश होता, लोखंडी गेट खरवडायचा. वीतभर जागा अशी चकाकली, की बाकीची टाकी ओशाळली. मग हात पोचेल तिथवर घासली. वर पाणी मारलं. खांदा गेला, पण कारखाना वाचला. सांगणार नाही. मला मोठेपणा नको.

गुरुवार, सकाळी
टाकीवर तपकिरी ठिपके. ॲसिडचेच, दुसरं काय.
वेल्डर म्हणतो, कुणीतरी लोखंडी ब्रश फिरवलाय. लोखंडाचे कण रुतले की तेच गंजतात आणि सायही धरू देत नाहीत. मी म्हटलं, हल्ली कुणाचा भरवसा राहिला नाही. पोरानं सकाळचा चहाही घेतला नाही.

गुरुवार, संध्याकाळी
गुपचूप लिंबू-मीठ चोळलं. तांब्याला चालतं.

शुक्रवार
स्टीलला चालत नाही. इन्स्पेक्टरनं बोट फिरवलं, बोट तपकिरी. नापास. पोरगा उपड्या बादलीवर बसून राहिला.
सुनेनं मला टाकीपाशी नेलं. "आई, हात वर करा."
केला. गंज माझ्या बोटांपाशी संपत होता. त्याच्या वर टाकी तशीच राखेसारखी. एक ठिपका नाही.
पोरानं मान वर केली नाही.
डेअरीचा फोन आला तर सुनेनंच उचलावा. टाकी धुवायला तिनं काढली होती.