खुर्ची बदलली तिथे

तोंडवली,
४ मार्च २०२४

प्रिय सनोबर,

अस्सलामु अलैकुम. तू आणि मुलं खुशाल असाल. आम्ही बरे आहोत. तुझा भाऊ एजाज रोज सकाळी कट्ट्याच्या बाजारात दुकानावर जातो, संध्याकाळी येतो. आईची तब्येत ठीक आहे. जेवते, झोपते.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर बोलताना आई शेजारीच असते. शिवाय तुझ्या मुलांना देवनागरी वाचता येत नाही, आणि हे आधी तू एकटीने वाचावंस असं मला वाटतं.

परवा गंगू मासे घेऊन आली होती. विचारत होती, "सनोबरच्या कराचीक मासे गावतत काय गो, की नुसता मटान?" तिथेही समुद्र आहे म्हटलं, तर तिला पटेना. "मगे म्हातारी थंयसून सुकान कित्याक इली?" मग माझ्याकडे बघत राहिली. "आणि तू गो? ह्या उनात लोकरीची शाल? ताप भरलो काय?"

मी हसले. तिला सांगता आलं नाही. तुला सांगते.

ती शाल तुझी. तुझ्याकडून परत येताना वाघा सीमेवर तुला जिथे थांबवलं, तिथे तू ती अंगावरून काढून माझ्या खांद्यांवर टाकलीस. धुकं इतकं होतं की थोडं पुढे गेल्यावर तू दिसेनाशी झालीस. आई चाकांच्या खुर्चीत मान वळवून बघत होती. तुला शोधत असेल, असं मी धरून चालले.

पुढे रस्त्यावर आडवी पांढरी रेषा आहे. तिकडचा हमाल तिथपर्यंतच येतो, आणि तिकडची खुर्चीही. आपला हमाल आपली खुर्ची घेऊन अलीकडे उभा होता. सामान या हातातून त्या हातात गेलं, पण माणसाला उठावंच लागतं. मी आईच्या काखेत हात घालून तिला उभं केलं. दोन्ही हमाल हात पुढे करून उभे होते, पण कुणाचाच हात रेषेपलीकडे जात नव्हता. आई मध्येच थांबली आणि मला म्हणाली,

"वजीरा खंय ऱ्हवली गो? तिका हाक मार."

वजीरा तर मीच; मला वाटलं, थंडीने गोंधळली. "आसा, मागसून येता," मी म्हटलं. इतक्या सहज म्हटलं.

इकडच्या खिडकीवर अधिकाऱ्याने विचारलं, "माताजी, ये कौन है आपकी?"

"मेरी बेटी. सनोबर."

पासपोर्टवर वजीरा. आम्हाला बाजूला बसवलं, बॅगा पुन्हा उघडल्या. मी सांगत होते की मी सून आहे, आणि आई माझा हात घट्ट धरून त्याच्यावर ओरडत होती, "ह्यां माझा चेडू! तू कोण इचारणारो?" शेवटी सुटलो. पण त्यानंतर मी तिला 'मी वजीरा' असं एकदाही म्हटलेलं नाही.

तुझ्याकडे असताना ती कालवणात दोनदा मीठ घालायची आणि आपण हसायचो. आता डॉक्टर म्हणतात, विसरणं वाढतच जाणार. शाल अंगावर असली की माझ्या हातून जेवते. नसली की परक्या बाईने वाढल्यासारखं ताट सरकवते. रोज दुपारी विचारते, "सनोबर, आता परत जावचा नाय मां?" मी म्हणते, नाय. मग ती झोपते. इतकी वर्षं तुझी वाट बघणारी बाई वाट बघायची थांबली आहे, सनोबर.

तू फोन केलास तेव्हा दर वेळी आई झोपली होती, असं मी सांगितलं. ती झोपली नव्हती. एकदा तुझा आवाज तिला ऐकू गेला. "कोण गो ती रडता?" तिने विचारलं. मी म्हटलं, राँग नंबर.

हे मी तिच्या जेवणासाठी केलं की माझ्यासाठी, हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारते. या घरात येऊन मला बावीस वर्षं झाली. आई मला कधी तोडून बोलली नाही, तिने कधी काही उणं पडू दिलं नाही. पण माझ्या केसांतून हात फिरवला तो आत्ता, तुझ्या नावाने. मला तो हात हवासा वाटतो. हे लिहायची लाज वाटते, पण एवढं गाळलं तर बाकीचं सगळं खोटं ठरेल.

तू पुन्हा व्हिसाचा अर्ज भरते आहेस, असं एजाज म्हणाला. भर. पण तू एवढा प्रवास करून दारात उभी राहावीस आणि तिने "कोण?" म्हणून विचारावं, हे तुला आधी न सांगता मी होऊ देऊ शकत नाही.

हे पत्र मिळालं की येणाऱ्या शुक्रवारी, नमाजानंतर, व्हिडिओ कॉल कर. मी आईला सांगणार आहे की फोनवर सनोबर आहे. ती मानेल का, ठाऊक नाही. चिडेल, कदाचित त्या दिवशी जेवणार नाही. तुझ्या मनाला लागेल असं काही बोललीच, तर फोन ठेवू नकोस. बोलता आलं नाही तर नुसती बसून राहा, तिला तुझ्याकडे बघू दे. आणि तिने माझ्याकडे वळून विचारलं, "मगे तू कोण?" तर या वेळी मी तिला खरं सांगेन.

आईची सून आणि तुझी भावजय,
वजीरा